राखीव विजेचें इंजिन

श्रावणांतील एका रात्रीं आम्ही आमच्या आत्याबाईंच्या उशाशीं बसलों होतों. तालुक्याच्या गांवचें, एका विश्वस्तमंडळानें चालविलेलें लहानसें इस्पितळ. बाहेर पावसाच्या धारा लागलेल्या, आणि आंत प्राणवायु देणाऱ्या यंत्राची संथ धडधड. पलीकडील खाटेवर चोवीस-पंचवीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. मण्यार चावल्यामुळें त्याच्या छातीचे स्नायू लुळे पडले होते, आणि त्याचा श्वास व्हेंटिलेटरच चालवीत होता. पावणेदोनच्या सुमारास दिवे गेले.

आम्ही घाबरलों नाहीं. त्याच दिवशीं संध्याकाळीं आवारांत फेऱ्या घालीत असतां आम्हीं तेथील जनित्राची संगमरवरी पाटी वाचली होती. कोणा उदार गृहस्थानें आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ साडेबासष्ट के. व्ही. ए. शक्तीचें तें यंत्र संस्थेस अर्पण केलें होतें. पाटीवर वाळलेला हारही होता. आतां दहा-पंधरा सेकंदांत इंजिन आपोआप सुरू होईल, असें आम्हीं आत्याबाईंस सांगितलेंही. आवारांतून एक घरघर ऐकूं आली. दुसरी तिच्याहून क्षीण. तिसऱ्या वेळीं नुसता खटका वाजला, आणि नंतर पावसाखेरीज कशाचाच आवाज येईना.

व्हेंटिलेटरच्या पोटांतील बॅटरी कांहीं मिनिटें टिकली. मग नर्सबाईंनीं नळी सोडवून रबरी फुगा जोडला, व तो हातानें दाबून त्या मुलास श्वास देण्यास आरंभ केला. आत्याबाईंस सिलिंडरांतील प्राणवायु लावला. भरलेला सिलिंडर एकच होता. रखवालदार, वॉर्डबॉय आणि आम्ही असे तिघे मोबाईलचा उजेड पाडीत इंजिनाच्या खोलीकडे धांवलों. खोलीस कुलूप, किल्ली अधीक्षकांच्या टेबलाच्या खणांत, आणि खणासही कुलूप! रखवालदारानें दगडानें कुलूप तोडलें. शेवटीं रुग्णवाहिकेच्या चालकास उठवून आणलें. त्यानें आपल्या गाडीची बॅटरी काढून आणली, जाड तारांनीं जोडली, कळ दाबली, आणि इंजिन पहिल्याच झटक्यास धडाडून सुरू झालें. तेव्हां अडीच वाजून गेले होते. नर्सबाई चाळीस मिनिटें तो फुगा दाबीत होत्या. मध्यें दोनदां आमच्या वहिनींनीं त्यांच्या हातांस विसावा दिला इतकेंच.

त्या इंजिनास कांहींही झालें नव्हतें. तें जवळजवळ कोरेंच होतें. मेली होती ती तें सुरू करणारी बॅटरी. तिची किंमत इंजिनाच्या किंमतीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकीही नसेल. तिला सतत भारित ठेवणाऱ्या लहानशा यंत्राची कळ कोणीतरी कधींतरी खालीं पाडली होती, ती तशीच राहिली. भिंतीवरील खिळ्यास एक नोंदवही टांगली होती. तींत शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वींची होती. कारण त्याच सुमारास इंजिन पाहणारा गृहस्थ निवृत्त झाला, आणि त्याच्या जागीं कोणास नेमावयाचें हा विषय सभेपुढें यावयाचा राहून गेला होता.

आमच्या वाचकांपुढें हा विषय मांडावासा वाटला तो यामुळेंच. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्या घरांत कोणी ना कोणी कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री कसल्या तरी मंडळावर असतेच. शाळेचें कार्यकारी मंडळ, सहकारी बँक, मंगल कार्यालय, वृद्धाश्रम, इस्पितळ. निदानपक्षीं गृहनिर्माण संस्थेची समिती तरी कोणास चुकलेली नाहीं. अशा मंडळापुढें केव्हांतरी जनित्राचा विषय येतो. तीन दरपत्रकें मागविलीं जातात, सर्वांत कमी दराचें मंजूर होतें, देणगीदार मिळाल्यास पाटी लागते, नारळ फुटतो, पेढे वांटले जातात. आणि त्या क्षणापासून तें यंत्र मंडळाच्या स्मरणांतून जातें. वस्तुतः राखीव विजेचें काम त्या क्षणीं सुरू व्हावयाचें असतें.

यंत्र कसें चालतें हें ठाऊक असल्यास त्याची काळजी कोठें घ्यावी हेंही उमजतें. ज्यांचें बाळपण खेड्यांत गेलें त्यांस पिठाच्या गिरणीचें इंजिन आठवत असेल. त्याच्या धुरांड्यावरील डब्याचा टुकटुक आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जाई, व तो ऐकून बायका दळणाचे डबे बाहेर काढीत. आजच्या इस्पितळांतील इंजिन त्याचेंच वंशज होय. जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें सन १८९७ मध्यें रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन पहिल्यानें यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबामुळेंच पांचशें अंशांहून अधिक तापावी. मग तींत तेलाचा फवारा सोडावयाचा, कीं तें आपोआप पेट घेतें. आपल्याकडे हें इंजिन रुजलें त्यांत किर्लोस्करांचा वांटा मोठा आहे. पुण्याजवळ खडकी येथें सन १९४६ मध्यें त्यांची तेल-इंजिनांची कंपनी स्थापन झाली, आणि शेतावरील पंपापासून कारखान्यांतील जनित्रापर्यंत तिचीं इंजिनें गेलीं. पुढें १९६२ मध्यें अमेरिकेंतील कमिन्स कंपनीच्या सहकार्यानें पुण्यांतच मोठ्या इंजिनांचा कारखाना निघाला. महाराष्ट्रांतील कोणत्याही आवारांतील जनित्राची मुळें शोधूं गेल्यास तीं बहुधा पुण्याच्या आसपासच सांपडतील.

जनित्र म्हणजे हें इंजिन व त्याच्या दांड्यास जोडलेलें वीज उत्पन्न करणारें यंत्र. बहुतेक जनित्रांतील दांडा मिनिटास पंधराशें फेरे घेतो, म्हणजे घरांत येते तशीच पन्नास आवर्तनांची वीज मिळते. हवा दाबली गेल्याशिवाय इंजिन पेटत नाहीं, आणि कोणीतरी दांडा जोरानें फिरविल्याशिवाय हवा दाबली जात नाहीं. तो पहिला फेरा द्यावयाचें काम बॅटरीचें. ती निर्जीव असेल तर शेजारीं शंभर लिटर तेल आणि पन्नास किलोवॅटांचें यंत्र असूनही अंधारच. इंजिनें सुरू न होण्याच्या कारणांत बॅटरीचा क्रमांक अगदीं वरचा आहे, हें या धंद्यांतील कोणताही जुना मेकॅनिक सांगेल. साध्या आम्लाच्या बॅटरीचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. तें संपलें कीं ती चालत असली तरी बदलावी. परंतु बॅटरीवर पाटी लावतां येत नाहीं, म्हणून तिला देणगीदारही मिळत नाहीं.

आतां खरेदीविषयीं. जनित्राच्या शक्तीचे आंकडे दोन प्रकारचे असतात, आणि अनेक मंडळें येथेंच फसतात. एक आंकडा राखीव कामाचा, म्हणजे जाळ्यांतील वीज गेल्यावर तेवढ्यापुरता. दुसरा मुख्य कामाचा, म्हणजे रोज, वाटेल तितके तास, कमीअधिक भार घेऊन चालण्याचा. एकाच इंजिनाचा राखीव आंकडा मोठा दिसतो, मुख्य आंकडा लहान. लग्नाच्या आचाऱ्याचें उदाहरण घ्यावें. तो एका दिवशीं पांचशें पानें वाढून देतो. पण त्याच माणसास त्याच वेगानें वर्षभर राबवूं म्हटल्यास तो आठ दिवसांत अंथरूण धरील. मुख्य कामाच्या जनित्रावरही चोवीस तासांचा सरासरी भार त्याच्या आंकड्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच असावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जेथें विजेचें जाळें पोहोंचलेलेंच नाहीं, किंवा जेथें ती दिवसांतून सहा-आठ तास जाते, तेथें राखीव आंकडा पाहून घेतलेलें इंजिन लवकरच कुरकुरूं लागतें. लक्षद्वीपच्या बेटांवर पिढ्यान्पिढ्या घरोघरचे दिवे डिझेलच्या इंजिनांवरच जळत आले आहेत, व त्यांचें तेल समुद्रमार्गें न्यावें लागतें. आतां तेथें सूर्यशक्तीची जोड मिळत असली तरी इंजिनांचें काम संपलेलें नाहीं. तेथील इंजिन आणि आपल्या सोसायटीच्या जिन्याखालचें इंजिन दिसावयास सारखीं; धर्म मात्र निराळा.

याच्या उलट चूकही तितकीच घडते. पुढेंमागें उपयोगी पडेल म्हणून दुप्पट शक्तीचें यंत्र घ्यावयाचें, आणि त्यावर चार दिवे व दोन पंखे चालवावयाचे. यांत इंजिनास आराम मिळतो अशी समजूत आहे, ती खोटी आहे. भार तीस टक्क्यांच्या खालीं राहिला कीं आंतील भाग पुरेसे तापत नाहींत, तेल अर्धवट जळतें, आणि न जळलेला काळा चिकट अंश धुरांड्यावाटे गळूं लागतो. ओल्या लाकडांनीं चूल धुमसावी तसा हा प्रकार. म्हणून तज्ज्ञ सांगतात कीं महिन्यांतून एकदां निदान अर्धा तास इंजिन चालवावें, आणि तेंही रिकामें नव्हे, निदान तीस टक्के भार घालून. आमच्याकडील परीक्षा म्हणजे रखवालदारानें सकाळीं पांच मिनिटें इंजिन फिरवून बंद करणें! त्यानें इंजिनाचें अहितच होतें, आणि विजेचा मार्ग बदलणारी कळ चालते किंवा नाहीं हेंही कळत नाहीं. मुख्य वीज खरोखरीच बंद करून पाहिल्याखेरीज ती परीक्षाच नव्हे.

हिशेबाचेंही थोडें बोललें पाहिजे. एक लिटर डिझेलांतून साडेतीनच्या आंतच युनिटें निघतात. तेलाचा भाव लिटरास नव्वद रुपये धरला तर केवळ तेलापायींच एक युनिट पंचवीस रुपयांच्या पुढें जातें. आम्हीं वर वर्णिलेल्या इस्पितळाचें इंजिन पूर्ण भारावर तासास सुमारें चौदा लिटर पिईल. शंभर लिटरांची टाकी म्हणजे सात तास. पुरानें रस्ते बंद झाले तर आठव्या तासाला काय, हा प्रश्न खरेदीच्या सभेंत कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिवाय सांठविलेलें तेल जसेंच्या तसें राहत नाहीं. टाकींत दमट हवेचें पाणी उतरतें, पाणी व तेल यांच्या सीमेवर बुरशीसारखी वाढ होते, व तो गाळ ऐन वेळीं गाळणींत अडकतो. लोणच्याच्या बरणीची जितकी काळजी घरांत घेतली जाते तितकी या टाकीची घेतली तरी पुरे.

इतक्या महाग विजेचाही एकदां सार्वजनिक उपयोग झाला, तो पुण्यांतील प्रसंग सांगण्यासारखा आहे. सन २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत विजेचा तुटवडा इतका वाढला होता कीं भारनियमन हा शब्द लहान मुलांसही पाठ झाला. पुण्यांतील कारखान्यांच्या आवारांत मात्र आपापलीं जनित्रें होतीं, आणि तीं बराच वेळ स्वस्थ बसून असत. २००६ मध्यें उद्योजकांच्या संघटनेनें एक योजना मांडली. तुटीच्या वेळीं कारखान्यांनीं आपलीं इंजिनें चालवून स्वतःची गरज भागवावी, जाळ्यांतील आपला वांटा शहरास सोडावा, व डिझेलचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोड्या वाढीव आकारानें भरून घ्यावा. राज्याच्या वीज नियामक आयोगानें तीस मान्यता दिली, आणि भोंवतालचा मुलूख अंधारांत असतां पुणें उजळलेलें राहिलें. ज्यांस पैसे परवडतात त्यांसच उजेड, हा आक्षेप त्यावर त्या वेळीं आला व तो अगदींच खोटा नव्हता. पण स्वस्थ पडलेलें यंत्र आळीपाळीनें कामास लावल्यास तेंही धड राहतें व लोकांचेंही काम होतें, हें त्यांतून दिसलें.

असो. बॅटरी मरणें, किल्ली न सांपडणें, हा सारा आपल्याकडील ढिलाईचा प्रकार, सुधारलेल्या देशांत असें होत नसेल, असें कोणी म्हणेल. आम्हांसही तसेंच वाटत असे. पुढील दोन हकीकती वाचल्यावर तें मत टिकलें नाहीं.

सन २०१२ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस सँडी नांवाचें वादळ न्यूयॉर्क शहरावर आलें, आणि नदीचें पाणी मॅनहॅटनच्या पूर्व कांठावर चढलें. तेथें जवळजवळच दोन नामांकित इस्पितळें आहेत. त्यांपैकीं लँगोन वैद्यकीय केंद्रांत वरच्या मजल्यावरचीं जनित्रें सुरू झालीं, पण तेलाची टाकी व तिचे पंप होते तळघरांत. पाणी शिरतांच तेल वर चढणें थांबलें आणि इंजिनें उपाशीं राहून बंद पडलीं. त्या रात्रीं सुमारें तीनशें रुग्णांस हलवावें लागलें. त्यांत वीस तान्हीं बालकें होतीं. नर्सबाईंनीं त्यांस कुशींत घेऊन नऊ मजले उतरविले, आणि ज्यांचा श्वास यंत्रावर होता त्यांस उतरतां उतरतां हातानें फुगा दाबून श्वास दिला. हें वाचतांना आम्हांस त्या श्रावणांतल्या रात्रीची आठवण झाली नसती तरच नवल.

दुसरें बेलव्ह्यू इस्पितळ. त्याचीं जनित्रें तर तेराव्या मजल्यावर होतीं. याहून सुरक्षित जागा कोणती? परंतु येथेंही तेल चढविणारे पंप तळघरांतच, व तेही बुडाले. तेव्हां कर्मचारी आणि सैनिक अंधाऱ्या जिन्यावर रांग धरून उभे राहिले, व तेलाचीं भांडीं हातोहातीं तेरा मजले वर पोहोंचवूं लागले. आपल्याकडे आग लागली कीं विहिरीपासून घरापर्यंत घागरींची रांग लागे तशीच ही. इंजिनें त्यांनीं चालतीं ठेविलीं. तरी पुढच्या दिवसांत इस्पितळ रिकामें करावेंच लागलें.

दुसरी हकीकत जपानची, आणि ती सर्वांत शोचनीय. फुकुशिमा दाइइची येथील अणुवीजकेंद्रांत सहा अणुभट्ट्या व त्यांच्यासाठीं तेरा राखीव डिझेल जनित्रें होतीं. सन २०११ च्या मार्चच्या ११ तारखेस दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं भयंकर भूकंप झाला. बाहेरून येणारी वीज तुटली. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बंद झालेली अणुभट्टी मात्र विझलेल्या चुलीसारखी नसते. तिच्यांतून कित्येक दिवस उष्णता निघतच असते, व ती काढून नेण्यासाठीं पाणी खेळतें ठेवावें लागतें. पाण्यास पंप हवा आणि पंपास वीज. त्यासाठींच तीं जनित्रें होतीं, आणि तीं कोणतीही कुरकुर न करितां सुरू झालीं. सुमारें पन्नास मिनिटें सर्व कांहीं यथास्थित चाललें होतें.

मग समुद्र आला. पहिल्या चार भट्ट्यांची जमीन समुद्रापासून दहा मीटर उंच. लाट चढली ती चौदा-पंधरा मीटर. बहुतेक जनित्रें इमारतींच्या तळघरांत होतीं, तीं बुडालीं. कांहींना थंड ठेवण्यासाठीं समुद्राचें पाणी ओढणारे पंप लागत, ते किनाऱ्यावरच उध्वस्त झाले. दोन जनित्रें तर बुडालींच नव्हतीं! पण त्यांची वीज ज्या कपाटांतून पुढें जावयाची तीं वाटप-कपाटें पाण्याखालीं गेलीं, म्हणून त्यांचाही उपयोग शून्य. बाहेरून वीज देणाऱ्या मोटारी मागविल्या. त्या पोहोंचून तारा जोडल्या जातात न जातात तों दुसऱ्या दिवशीं पहिल्या भट्टीच्या इमारतींत स्फोट होऊन त्या तारा तुटल्या. मधल्या काळांत आंत किती पाणी व किती दाब आहे हें पाहण्यासाठीं कर्मचाऱ्यांनीं आवारांतील मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून यंत्रांच्या कांट्यांस जोडल्या. तीन भट्ट्यांचा गाभा वितळला.

याच आवारांत पांचवी व सहावी भट्टी थोड्या उंचवट्यावर होती. सहाव्या भट्टीचें एक जनित्र वेगळ्या इमारतींत ठेविलेलें, समुद्राच्या पाण्यानें नव्हे तर हवेनें थंड होणारें होतें. तेवढें एकच चालत राहिलें, आणि त्या एका इंजिनाच्या विजेवर दोन्ही भट्ट्या सांवरल्या गेल्या.

लाट इतकी उंच येईल हें कोणास ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. सन २००८ मध्यें कंपनीच्याच गणितांत पंधरा मीटरांहून उंच लाटेची शक्यता निघाली होती. त्यावर निर्णय झाला तो असा कीं, प्रश्नाचा आणखी अभ्यास करविण्यांत यावा. ज्यांनीं कधीं एखाद्या मंडळाच्या इतिवृत्तावर सही केली असेल त्यांस हें वाक्य परकें वाटणार नाहीं.

आपल्याकडील पाण्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको. सन २००५ च्या जुलैच्या २६ तारखेस मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सन २०२१ च्या जुलैंत चिपळुणांत पुराचें पाणी एका कोविड इस्पितळांत शिरलें, वीज गेली, आणि तेथें रुग्ण दगावल्याचें वृत्त सर्व वर्तमानपत्रांतून आलें. तरीही नव्या इमारतीचा नकाशा समोर येतो तेव्हां जनित्राची जागा बहुधा तळघरांत दाखविलेली असते. कारण तळमजल्याची जागा मोलाची, आणि इंजिनाचा आवाज कोणास नको असतो. आवाजाची सबब आतां फारशी उरलेली नाहीं. बंदिस्त पेटींतील जनित्राचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलांहून अधिक असूं नये असा आपल्याकडे नियमच आहे. जागा निवडतांना इंजिनाबरोबर त्याचा पंप, टाकी आणि वाटप-कपाटही पाण्याच्या वर आहे किंवा कसें हें नकाशावर बोट ठेवून विचारावें.

येथें घरगुती वापराविषयीं दोन शब्द. लहानसें पेट्रोलचें जनित्र कित्येक दुकानांतून व घरांतून दिसतें. तें खोलींत, जिन्याखालीं किंवा बंद व्हरांड्यांत कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं; झोपेंतल्या माणसास तो उठूं देत नाहीं. आणि जनित्राची तार भिंतींतील सॉकेटांत खुपसून घरभर वीज खेळविण्याचा जो आडमार्ग आहे तो तर अपराधच होय. ती वीज उलट जाऊन रस्त्यावरील खांबावर पोहोंचते, आणि तार मेलेली समजून खांबावर चढलेला वायरमन प्राणास मुकतो.

जाळें आतां मजबूत झालें, जनित्रांचें काय काम, असाही प्रश्न येतो. सन २०१२ च्या जुलैच्या ३० व ३१ तारखांस उत्तर व पूर्व भारतांतील जाळें कोसळलें, तेव्हां साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारांत गेला; आपला पश्चिमेकडील भाग त्यांतून वांचला. मुंबईची वीज जात नाहीं अशी ख्याति. पण सन २०२० च्या ऑक्टोबरच्या १२ तारखेस सकाळीं दहाच्या सुमारास तीही गेली, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, आणि साथीचे रुग्ण भरलेल्या इस्पितळांतून तळघराकडे आणि गच्चीकडे धांवपळ सुरू झाली.

आमच्या त्या तालुक्याच्या इस्पितळाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. तो मुलगा नवव्या दिवशीं आपल्या पायांनीं घरीं गेला. आत्याबाई त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत होत्या. आम्हीं मंडळाच्या चिटणिसांस एक लांबलचक पत्र लिहिलें. त्याचें उत्तर म्हणून त्यांनीं आम्हांसच उपसमितींत घेतलें, ही अशा पत्रांस मिळणारी नेहमींचीच शिक्षा होय.

पहिली खरी परीक्षा आम्हीं एका शनिवारीं सकाळीं अकरा वाजतां घेतली. डॉक्टरांस आधीं सांगून, रुग्णांची सोय पाहून, मुख्य कळ खालीं ओढली. नव्या बॅटरीनें इंजिन नवव्या सेकंदास सुरू झालें, आणि आम्ही एकमेकांकडे समाधानानें पाहूं लागलों, तोंच वरून आरोळ्या आल्या. शस्त्रक्रियेच्या खोलींतील दिवे लागले होते, पण तेथील पाणी गेलें होतें. विहिरीवरील पंप जनित्राच्या तारेवर घेतलेलाच नव्हता. आत्याबाई ज्या खोलींत होत्या तिच्यांतील सहा सॉकेटांपैकीं दोनच जिवंत होते, आणि कोणते दोन हें कोणास सांगतां येईना. अधीक्षकांच्या खोलींतील वातानुकूलन यंत्र मात्र सुरेख चाललें होतें. पुढें पंप जोडला, तर तो सुरू होतांना एकदम कितीतरी पट वीज ओढी व सगळे दिवे मिटमिटत. त्यास हळूं सुरू करणारें उपकरण बसवावें लागलें. जिवंत सॉकेटांस लाल रंग दिला. वातानुकूलन यंत्र काढलें, त्यावरून दोन सभांत वाद झाला. किल्लीची दुसरी जोडी नर्सबाईंच्या टेबलापाशीं कांचेच्या चौकटींत टांगली. निवृत्त झालेल्या गृहस्थांस पुन्हां बोलाविलें, आणि त्यांच्या हाताखालीं तो रात्रींचा रखवालदार व रुग्णवाहिकेचा चालक असे दोघे तयार केले. कारण एकच माणूस ठेविला तर तो लग्नास जावयाचा त्याच दिवशीं वीज जावयाची.

टाकी व कपाटें दोन फूट उंच ओट्यावर घेण्याचें काम अजून व्हावयाचें आहे. ओढ्याचें पाणी आवारांत आजवर एकदांच आलें असल्यानें काहीं सभासदांस तो खर्च अनाठायीं वाटतो. गंवड्याचें अंदाजपत्रक तयार आहे; येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर तें तिसऱ्या क्रमांकास घेतलें असून, हा विषय पुढील अभ्यासासाठीं ठेवावा असें कोणी सुचविल्यास काय बोलावयाचें तें आम्हीं लिहून ठेविलें आहे.